डॉट रामवर आक्षेप, जातीवर मौन : इंटरनेटच्या नव्या पाट्या कोण लिहिणार?

अकोटच्या आमच्या अभ्यासवर्गात मध्यंतरी एक साधा विषय निघाला. विहारातल्या वाचनालयाची वेबसाइट काढायची होती. तिचा पत्ता काय ठेवायचा? कोणी डॉट कॉम म्हणाले, कोणी डॉट ऑर्ग, कोणी डॉट इन. एका मुलीने विचारले, सगळा पत्ताच मराठीत का नको? त्यावर मागून आवाज आला, "आपल्याले काय करा लागते गा त्याचं? फेसबुकवर पेज आहे ना!"

हा लेख त्या मागच्या आवाजाला उत्तर म्हणून लिहीत आहोत. वेबसाइटच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येते, त्याला धंद्यातले लोक एक्स्टेंशन म्हणतात. डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग ही एक्स्टेंशने. नवी एक्स्टेंशने काढण्याचा दरवाजा २०१२ नंतर आता पुन्हा उघडतो आहे. ३० एप्रिल २०२६ ते १२ ऑगस्ट २०२६ ही अर्जांची मुदत ठरली आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने एखादा शब्द मागायचा, आणि मिळाला की त्या शब्दाच्या नावाने जगभर पत्ते वाटायचे. त्या शब्दाखाली कोणाला जागा द्यायची, किती भाड्याने द्यायची आणि कोणाला हाकलायचे, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवणार. शब्दांची ही वतनदारी आहे, असे आम्हाला वाटते. आणि वतनदारी वाटली जात असताना आपण कुठे उभे असतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना नीट माहीत होते.

नावाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच किरकोळ नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत आपल्या लोकांची घरे जळाली, माणसे मेली. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्यांना समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० ला घेतला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७३ वर्षे पोस्टमनला पत्ता सांगताना माणसाला आधी आपली जात सांगावी लागत होती. पत्ता म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

टिंबानंतरची सत्ता

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे. नावावरून आकडा शोधायची जी व्यवस्था आहे, तिच्या अगदी वर एक यादी आहे. तिला रूट म्हणतात. ज्या एक्स्टेंशनचे नाव त्या यादीत नाही, ते जगाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ही यादी आयकॅन या संस्थेच्या देखरेखीखाली चालते. १९९८ साली स्थापन झालेली ही ना-नफा संस्था, कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली, मुख्य कचेरी लॉस एंजेलिसला. अमेरिकन सरकारचा या कामावरचा कराराचा ताबा १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. तेव्हापासून कंपन्या, सरकारे, तंत्रज्ञ आणि वापरणारे मिळून कारभार करतात, असे सांगितले जाते. आपल्या देशाचे डॉट इन १९८९ पासून आहे आणि ते निक्सी ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालची संस्था चालवते.

वऱ्हाडातल्या माणसाला ही रचना लवकर समजावी. इंग्रजांच्या काळात कापूस आपल्या काळ्या मातीत पिकायचा आणि भाव लिव्हरपूलला ठरायचा. शेतकरी राबत होता, पण भाव ठरवणाऱ्या खोलीत तो नव्हता. इथेही वापरणारे करोडो आपण आहोत. खोलीत आपण नाही.

२०१२ मध्ये कोणाच्या वाट्याला काय आले

२० जून २०११ ला सिंगापूरच्या सभेत आयकॅनने नव्या एक्स्टेंशनांना मान्यता दिली आणि २०१२ मध्ये अर्ज घेतले. एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. एकूण १९३० अर्ज आले. त्यांतले ९११ उत्तर अमेरिकेचे, ६७५ युरोपचे, ३०३ आशिया-पॅसिफिकचे. लॅटिन अमेरिकेचे २४. आणि अख्ख्या आफ्रिका खंडाचे १७. हे आकडे वाचल्यावर "सर्वांसाठी खुले" या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

गरिबांसाठी सवलत होती का? होती. कागदावर होती. फी ४७ हजार डॉलरवर आणायची योजना होती. तिच्यासाठी साऱ्या जगातून तीन अर्ज आले आणि एकच पात्र ठरला, डॉट किड्सचा. उरलेल्यांना ती योजना कळली नाही, किंवा कळून उपयोग नव्हता, कारण फी भरून काम संपत नाही. तांत्रिक व्यवस्था उभी करावी लागते, आयकॅनला वर्षाकाठी पंचवीस हजार डॉलरच्या घरात द्यावे लागतात, आणि एकाच शब्दावर दोघांचा डोळा असला आणि तडजोड झाली नाही तर लिलाव. डॉट ॲपसाठी गुगलने २०१५ मध्ये अडीच कोटी डॉलर मोजले. डॉट वेबचा लिलाव २०१६ मध्ये साडेतेरा कोटी डॉलरवर गेला.

आपल्या महाराष्ट्रातून कोणी अर्ज केले? मुंबईच्या मोठ्या घराण्यांनी. आज रूटच्या यादीत डॉट टाटा आहे, डॉट रिलायन्स आहे, डॉट जिओ आहे, डॉट एचडीएफसी आहे, डॉट एसबीआय आहे. मुंबईत वाढलेल्या डिरेक्टी समूहाच्या रॅडिक्स कंपनीने एकटीने ३१ अर्ज केले आणि डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक यांसारखी एक्स्टेंशने आज तिच्या मालकीची आहेत. त्यांनी नियमात राहून घेतली, त्यांच्याशी आमचे वैयक्तिक भांडण नाही. पण डॉट मराठी नाही. कॅटलान भाषकांचे डॉट कॅट २००५-०६ पासून आहे, बास्क, गॅलिशियन, ब्रेटन, वेल्श अशा छोट्या समूहांची एक्स्टेंशने आहेत. आठ कोटींहून अधिक लोकांची मराठी तिथे नाही, आणि तिची आठवण कोणाला झाल्याचेही दिसत नाही.

या खेपेला फी वाढून २ लाख २७ हजार डॉलर झाली आहे. म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. सवलत ७५ ते ८५ टक्के आहे, पण तिच्यासाठीचा अर्ज वेगळा आणि आधी करायचा होता. ती मुदत २०२५ सालातच संपली. तालुक्याच्या गावातल्या कोणत्या संस्थेला हे कोणी सांगितले? नगरपालिकेच्या ठरावाने चवदार तळे १९२४ मध्येच खुले झाले होते. पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन जावे लागले. खुले असणे आणि पोहोचता येणे यांतले अंतर आपल्या चळवळीने पायाने मोजलेले आहे.

संगठन आणि संघटना

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सगळा पत्ता देवनागरीत होतो का? होतो. डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत सुरू झाले आणि हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी धरून आठ भाषांसाठी ते आहे. हे देशाचे एक्स्टेंशन. त्याशिवाय २०१२ च्या फेरीतून देवनागरीत तीन सर्वसाधारण एक्स्टेंशने आली : डॉट कॉम, डॉट नेट, पण देवनागरी अक्षरांत, आणि तिसरे डॉट संगठन. पहिली दोन व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीच्या गटाकडे, तिसरे पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री या अमेरिकन संस्थेकडे. म्हणजे आपल्या लिपीतली तिन्ही नावे परक्या मालकीची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या शब्दात आहे. "संगठन" हा हिंदी शब्द आहे. मराठीत आपण संघटना म्हणतो. बाबासाहेबांचा संदेश मराठी माणूस "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" असा सांगतो. हिंदीत त्याचे "संगठित" होते. हिंदी पट्ट्यातले आपले भाऊ तो शब्द वापरतात, त्याचा आम्हाला आदरच आहे. प्रश्न असा आहे की देवनागरी म्हणजे हिंदी, हे ठरवताना मराठी माणसाला कोणी विचारले होते का? उद्या कोणी डॉट संघटन किंवा डॉट संघटना मागितले, तर आधीच्या नावाशी ते दिसायला फार जवळचे आहे म्हणून अडचण निघू शकते, कारण दिसायला सारखी नावे टाळणे हा या व्यवस्थेचा नियमच आहे. जो आधी आला त्याने शब्द घेतला, मागून येणाऱ्याने आपल्याच भाषेतला शब्द का हवा ते सिद्ध करायचे.

आणखी एक अडचण रोजची आहे. देवनागरी पत्ता घेतला तरी तो सगळीकडे चालत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल टाकला की "पत्ता चुकीचा आहे" असा लाल शेरा येतो, हा आमचा अनुभव. काही ठिकाणी डॉट भारतच्या जागी "एक्सएन--एच२बीआरजे९सी" असे काहीतरी दिसते. यंत्राच्या पोटात देवनागरी अशी रोमन अक्षरांत बांधून ठेवतात म्हणून तसे होते. ही तांत्रिक गोष्ट सुटणारी आहे. पण ती सोडवायची कळ ज्यांना लागते, ते खोलीत नसले की सुटायला वीस वर्षे लागतात.

डर्बन ते डर्बन

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. नवे एक्स्टेंशन मागितले गेले आणि त्याने कोणाचा अपमान होत असेल, कोणावर अन्याय होत असेल, तर आक्षेप कोण घेणार?

२०१२ च्या फेरीत क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या गाडीच्या नावावरून डॉट रॅम मागितले. रोमन अक्षरांत ते राम असेही वाचता येते. रिलायन्सने डॉट इंडियन्स मागितले. भारत सरकारने दोन्हींवर हरकत घेतली. आयकॅनमध्ये सरकारांची एक सल्लागार समिती असते. तिने जुलै २०१३ च्या निवेदनात भारत सरकारची ही हरकत नोंदवली. ती सभा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला झाली होती.

डर्बन हे नाव आपल्या चळवळीला माहीत आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये त्याच शहरात वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली होती. देशभरातून दलित संघटनांचे प्रतिनिधी तिथे गेले होते. मागणी एवढीच होती की जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा उल्लेख परिषदेच्या घोषणापत्रात यावा. भारत सरकारने त्याला कसून विरोध केला. म्हणणे काय? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, तो या मंचावर नको. उल्लेख आला नाही.

२००१ ला वाजपेयींचे सरकार होते, २०१३ ला मनमोहन सिंगांचे. सरकार बदलले, पण जगाच्या मंचावर कोणाचे दुखणे न्यायचे आणि कोणाचे घरात झाकून ठेवायचे, ही निवड बदलली नाही. एका मोटारीच्या नावात राम दिसला तर ती आंतरराष्ट्रीय चिंता. कोट्यवधी माणसांना जन्मावरून हिणवले जाते, ती अंतर्गत बाब. श्रद्धावानांच्या भावनेची दखल घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. तेवढीच दखल आमची का नाही, एवढेच विचारत आहोत.

कोणी म्हणेल, सरकार सोडा, आयकॅनच्या नियमांत संरक्षण असेलच. आम्ही ते नियम पाहिले. २०१२ च्या अर्जदार पुस्तिकेत सार्वजनिक हिताच्या कारणावरून आक्षेप घेण्याची सोय होती. भेदभावाला चिथावणी देणाऱ्या शब्दावर आक्षेप घेता येत होता. कोणता भेदभाव? वंश, रंग, लिंग, वांशिक समूह, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा, "किंवा तशाच प्रकारचा इतर". जात हा शब्द त्या यादीत नव्हता. म्हणजे उद्या एखाद्याने आपल्या समाजाला शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द एक्स्टेंशन म्हणून मागितला, तर आपल्याला आधी हजारो युरो भरून हे सिद्ध करावे लागेल की जात ही "तशाच प्रकारची इतर" गोष्ट आहे. आणि समोरचा वकील डर्बन २००१ मधली आपल्याच सरकारची भूमिका काढून दाखवेल.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे की वंशपरंपरेवरून होणाऱ्या भेदभावात जात येते. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. म्हणजे परदेशातल्या नियमांत जात हा शब्द घालता येतो. पण आयकॅन ज्या राज्यात नोंदलेली आहे त्या कॅलिफोर्नियात काय झाले? जातिभेदाविरुद्धचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. प्रस्थापित अनिवासी मंडळींनी त्यासाठी किती जोर लावला, ते सर्वांनी पाहिले. जिथे नियम लिहिले जातात तिथे ते आधीच पोहोचलेले आहेत.

१९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी दावा केला की अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी आपणच आहोत. बाबासाहेबांनी तो दावा तिथल्या तिथे फेटाळला. जो आपल्या वतीने बोलतो म्हणतो, त्याला आपण निवडले आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. आयकॅनच्या सरकारी समितीत भारताच्या पाटीमागे बसलेल्या अधिकाऱ्याला आम्हीही आज हाच प्रश्न विचारतो.

बुद्धाचे नाव कोणाकडे जाईल?

धर्माच्या नावांचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. डॉट कॅथलिक व्हॅटिकनला मिळाले. डॉट बायबल अमेरिकन बायबल सोसायटीला मिळाले आणि त्याखाली काय लिहिलेले चालेल याचे नियम तिने असे केले की धार्मिक नसलेल्या आणि ज्यू अभ्यासकांनी २०१८ मध्ये तक्रार केली, तेव्हा नियम सैल करावे लागले. डॉट इस्लाम आणि डॉट हलाल एका तुर्की कंपनीने मागितले होते. मुस्लिम देशांच्या सरकारांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये आयकॅनने ते अर्ज पुढे नेले नाहीत. या तीन उदाहरणांत नावामागे उभी राहणारी सत्ता होती : एक चर्च, एक श्रीमंत सोसायटी, अनेक देशांची सरकारे.

उद्या बुद्धाचे नाव कोणी मागितले तर? जगात बौद्ध देश आहेत, ते आपापले म्हणणे मांडतील. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारलेल्या भारतीय बौद्धांचे म्हणणे कोण मांडणार? बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणाऱ्या मंडळींनी ते नाव घेतले, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या समाजाच्या हरकतीला त्या खोलीत किती वजन असेल? हे आज घडले आहे असे आम्ही म्हणत नाही. पण घडले तर आपल्याजवळ ना सरकार आहे, ना फी, ना नियमात शब्द.

आपल्यातल्या दोन शंका

पहिली शंका मागच्या बाकावरची : फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप असताना हे कशाला? मित्रहो, १९२० साली मूकनायकाची जाहिरात पैसे देऊ केले तरी केसरीने छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यात आपली जागा पैसे मोजूनही पक्की नसते, हे ओळखून बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत ही परंपरा दुसऱ्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदांची नाही. आज आपले लिखाण कोणत्या कंपनीच्या पेजवर आहे? पेज बंद झाले की दहा वर्षांचे काम एका रात्रीत गेले. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड वाचायला आपली मुले परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर जातात. ते खंड तिथे आहेत हे चांगलेच आहे. पण त्यांचा एक पक्का पत्ता आपलाही असायला नको का?

दुसरी शंका उत्साही कार्यकर्त्यांची : मग आपणच वर्गणी करून डॉट जयभीम काढू! या भावनेचा आम्ही मान ठेवतो, पण सल्ला विरोधातच देतो. दोन कोटी रुपये आणि पुढे दरवर्षीचा खर्च, एवढ्यात किती वसतिगृहे आणि अभ्यासिका चालतील याचा हिशोब करा. आणि मालक कोण होणार? कोणता गट? त्या नावाखाली कोणाला पत्ता द्यायचा आणि कोणाला नाकारायचा? डॉट बायबलवर झालेले भांडण आपल्याकडे पहिल्या महिन्यातच होईल. शिवाय एक्स्टेंशन हातात असले म्हणजे सरकारच्या हाताबाहेर गेलो असेही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सार्वमताच्या आधी स्पेनच्या पोलिसांनी डॉट कॅट चालवणाऱ्या संस्थेच्या बार्सिलोनातल्या कचेरीवर छापा घातला होता. स्वतःची वतनदारी मागण्यापेक्षा वतनदारीवर सर्वांना लागू होणारे नियम घालून घेणे, हा आपला मार्ग आहे. वतने मोडण्याची मागणी बाबासाहेबांनी महार वतनापासूनच सुरू केली होती, हे विसरू नये.

लढले तर थांबते

हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे वाटत असेल तर डॉट ऑर्गची गोष्ट ऐका. जगभरच्या सामाजिक संस्था डॉट ऑर्गवर आहेत, एक कोटीहून अधिक नावे. ते चालवणारी संस्था म्हणजे वर सांगितलेली पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री. डॉट संगठनही तिच्याचकडे. जून २०१९ मध्ये आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरवाढीवरची मर्यादा काढून टाकली. तीन हजारांहून अधिक हरकती आल्या, बहुतेक सगळ्या विरोधात, तरी काढलीच. मग नोव्हेंबरमध्ये बातमी आली की ही सगळी रजिस्ट्री इथॉस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला ११३ कोटी ५० लाख डॉलरला विकायची. आपल्या लिपीतले "संगठन"ही त्या सौद्यात गेले असते आणि आपल्याला पत्ताही लागला नसता. जगभरच्या संस्थांनी आवाज उठवला, पत्रे लिहिली, निदर्शने केली, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी हस्तक्षेप केला. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने विक्रीला संमती नाकारली. हरकतींना आधी कचऱ्याची टोपली मिळाली, पण लोक हटले नाहीत म्हणून सौदा मोडला.

आमच्या मागण्या

एक. आक्षेपांच्या आधारांमध्ये जात आणि वंशपरंपरा हे शब्द स्पष्टपणे यावेत. "तशाच प्रकारचे इतर" या शेपटात आम्हाला राहायचे नाही.

दोन. भारत सरकारने आयकॅनच्या सरकारी समितीत कोणत्याही नावावर भूमिका घेण्याआधी ती देशातल्या भाषांमध्ये जाहीर करावी, हरकती मागवाव्यात, आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती आयोगांचे मत घ्यावे.

तीन. देवनागरी म्हणजे हिंदी ही समजूत सोडावी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठाने आणि राज्याच्या मराठी भाषा विभागाने या कामात माणसे नेमावीत. "वऱ्हाड" लिहिताना लागणारा ऱ आणि आपला ळ सगळीकडे नीट चालतो का, हे मराठी माणसाने बसून तपासले पाहिजे.

चार. राज्य आणि केंद्राच्या प्रत्येक ऑनलाइन फॉर्मने देवनागरी ईमेल आणि वेबपत्ता स्वीकारला पाहिजे. स्वतः सुरू केलेले डॉट भारत स्वतःच्याच फॉर्ममध्ये चालत नसेल तर ते फक्त उद्घाटनापुरते होते.

आणि आपले काम

मागण्या करून थांबायचे नाही. प्रत्येक संस्थेने, मंडळाने, वाचनालयाने आपला पत्ता विकत घ्यावा, आणि तो संस्थेच्या नावावर घ्यावा. एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर घेतलेला पत्ता, तो पुण्याला नोकरीला गेला की हातचा जातो. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. नूतनीकरणाची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहावी. नूतनीकरण राहूनच गेले तर पुढे दुसरा कोणी ते नाव घेऊन त्यावर काहीही छापू शकतो.

एक्स्टेंशने वाढली की फसवणाऱ्यांनाही जागा वाढते. आपली मुले शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचे फॉर्म नेट कॅफेत भरतात, आधार आणि बँक खाते टाकतात. सरकारी साइटचा शेवट डॉट गव्ह डॉट इन असतो, हे प्रत्येक अभ्यासवर्गात सांगा. शेवटाचे महत्त्व रिझर्व्ह बँकेलाही पटले आहे, म्हणून तिने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितले. त्याखालचे नाव फक्त बँकेलाच मिळते. आई-बापांना हे एवढे जरी समजावले तरी कितीतरी घरे वाचतील.

आणि त्या खोलीत शिरा. आयकॅनच्या सभांना फी नसते, घरबसल्याही हजर राहता येते. मार्च २०२६ च्या सभेसाठी तर मुंबईचीच निवड झाली. बिगर-व्यापारी वापरणाऱ्यांचा तिथे एक गट आहे, त्याचे सभासदत्व व्यक्तीलाही मिळते आणि फुकट मिळते. नियमांच्या मसुद्यांवर कोणालाही लेखी म्हणणे पाठवता येते. इंग्रजी चांगले असलेली, कायदा किंवा कॉम्प्युटर शिकलेली आपली पोरे आता गावोगाव आहेत. दर तालुक्यातून दोघांनी हे काम अंगावर घेतले तरी विदर्भातून एक फळी उभी राहते. आम्ही अकोटमधून सुरुवात करतो आहोत : जात हा शब्द आक्षेपांच्या आधारात घालावा, अशा मागणीचा मसुदा आमचा अभ्यासवर्ग मराठी आणि इंग्रजीत तयार करत आहे. तो मंत्रालयाकडे, दोन्ही आयोगांकडे आणि आयकॅनकडे जाईल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी करावी, ज्यांना दुरुस्ती सुचवायची आहे त्यांनी सुचवावी.

वाचनालयाच्या पत्त्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डॉट भारत घ्यायचे ठरले आहे, जोडीला डॉट इन. मागच्या बाकावरच्या त्या भावावरच नूतनीकरणाची तारीख सांभाळायची जबाबदारी दिली आहे. त्याने ती घेतली.

जय भीम. जय संविधान.